चार्जमन व्हेकंट

आमचे मॅनेजर ओगलेसाहेब यांना कंपनीने सहा आठवडे जपानला पाठवलं, ते गिअरला भट्टीत कडकपणा कसा द्यायचा हे शिकायला. साहेब परत आले ते खेळण्यातली मोटार घेऊन. लाल रंगाची, हातभर लांब, मागे तारेची एरियल, आणि हातात धरायच्या डब्याला दोन दांड्या. एक दांडी ढकलली की मोटार पळते, दुसरी फिरवली की वळते, मध्ये वायर नाही. हे सगळं रेडिओच्या लहरींवर चालतं, असं साहेबांनी पहिल्याच दिवशी कँटीनमध्ये सगळ्यांना जेवणावरून उठवून समजावून सांगितलं. भट्टीबद्दल ते काही बोलले नाहीत. आमचे गिअर पूर्वीसारखेच तडकत राहिले.

मी भीमराज ओव्हाळ. चिंचवडच्या त्या गिअरच्या कारखान्यात बॅटरीरूममध्ये होतो. ही गोष्ट एक्याऐंशी सालची. शॉपमध्ये माल वाहायला बॅटरीवर चालणाऱ्या अकरा ट्रॉल्या होत्या. त्यांच्या बॅटऱ्या उतरवायच्या, धुवायच्या, पाणी घालायचं, चार्जिंगला लावायच्या आणि परत चढवायच्या, हे माझं काम. ॲसिडने पँटीला भोकं पडायची. तेरा वर्षं हेच केलं. त्या कारखान्यात बॅटरी या वस्तूबद्दल माझ्याइतकं कुणाला कळत नव्हतं, आणि हे मी फुशारकीने सांगत नाही. बाकीच्यांना इतकं कमी कळायचं की माझं आपोआप जास्त दिसायचं.

आता चार्जमन म्हणजे काय ते सांगतो. बाहेरच्या माणसाला वाटेल, बॅटऱ्या चार्ज करतो तो चार्जमन. तसं नाही. कारखान्यात चार्जमन हा हुद्दा आहे. कामगाराच्या वर, सुपरवायझरच्या खाली, ज्याच्याकडे एका खात्याचा चार्ज असतो तो. लेथवर चार्जमन असतो, पेंटशॉपला असतो. आमच्या बॅटरीरूमचे चार्जमन ज्योतीरामदादा चार वर्षांपूर्वी रिटायर झाले. तेव्हापासून त्यांचं सगळं काम मी करत होतो, हुद्दा मात्र कुणालाच दिला नव्हता. दर महिन्याला नोटीस बोर्डावर रिकाम्या जागांचा कागद लागायचा, त्यात इंग्रजीत एक ओळ ठरलेली असायची: चार्जमन, बॅटरी, व्हेकंट. माझं इंग्रजी बेताचंच, पण व्हेकंट हा शब्द चार वर्षं वाचून वाचून घरातला झाला होता.

हा हुद्दा मला हवा होता. साळसूदपणाचा आव आणत नाही, फार हवा होता. आणि माझ्यापेक्षा जास्त माझ्या आईला. माझी आई चिमाबाई, तिने बासष्ट साली हाच कारखाना बांधताना डोक्यावरून घमेली वाहिली होती. पाया खणला तेव्हापासून वर पत्रे चढेपर्यंत ती तिथे होती. मी तिथे नोकरीला लागलो तेव्हा तिने कासारवाडीच्या आमच्या चाळीत घरोघर साखर वाटली. ज्योतीरामदादा रिटायर झाल्यावर मात्र तिचं एकच विचारणं सुरू झालं, "झाला का चार्जमन?" नाही म्हटलं की ती पुढे बोलायची नाही. माझ्याकडे एकदा बघायची आणि आपल्या कामाला लागायची. ते बघणं मला साहेबाच्या मेमोपेक्षा जड जायचं.

तर मोटार. फेब्रुवारीत जपानचे पाहुणे कारखाना बघायला येणार होते. ओगलेसाहेबांच्या डोक्यात आलं की कारखान्याचा एक लाखावा गिअर या मोटारीवर ठेवायचा, शॉपच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचा आणि पाहुण्यांच्या पायाशी उभा करायचा. म्हणजे जपानी माणसाला जपानचंच खेळणं दाखवून थक्क करायचं. ज्याला हे सुचतं तो मॅनेजर होतो आणि ज्याला हसू येतं तो ॲसिड भरतो, ही व्यवस्था कुणी लावली कोण जाणे.

या बेतात एकच अडचण होती. मोटारीच्या पोटात सहा सेलचा एक जुडगा होता, पुन्हा पुन्हा चार्ज करता येईल असा. तो साहेबांनी एका रविवारी दुपारी लवकर चार्ज व्हावा म्हणून बंगल्यावर थेट आपल्या फियाटमधून काढून जेवणाच्या टेबलावर ठेवलेल्या बॅटरीला जोडला आणि ते वामकुक्षीला गेले. जुडगा फुगला, फुटला, आणि जाताना टेबलक्लॉथही घेऊन गेला. सोमवारी साहेबांनी ऑफिसात जाहीर केलं की जपानी माल आता पूर्वीसारखा राहिला नाही.

नवा जुडगा जपानहून यायला दोन महिने लागणार होते आणि पाहुणे महिन्यावर आले होते. तेव्हा साहेबांनी एक समिती नेमली. बॅटरी निवड समिती. तिचे अध्यक्ष स्वतः ओगलेसाहेब. सभासद इलेक्ट्रिकलचे इंजिनिअर शेवडे. शेवड्यांच्या गळ्यात मीटर लटकलेला असायचा. तो खऱ्या कामाला लावलेला मी क्वचितच पाहिला. वस्तू आणून द्यायला स्टोअर्सचे अर्जुनराव काळभोर. आणि मी. मी समितीत नव्हतो, समितीच्या दारात होतो. जड काही उचलायची वेळ आली तर कुणीतरी हवं म्हणून.

अर्जुनराव मूळचे आकुर्डीकडचे. काळभोरांचं ज्वारीचं वावर कारखान्यात गेलं, आता त्यावर आमचं पेंटशॉप उभं आहे. बदल्यात घरटी एक नोकरी मिळाली, ती यांच्या वाट्याला आली. ते स्टोअर्समध्ये हेल्पर होते, नटबोल्ट मोजून द्यायचे. माणूस आडवातिडवा, मिशा भरघोस, आणि प्रश्न विचारायची भयंकर खोड. जमीन दिली म्हणून नोकरी मिळते, अक्कल मिळत नाही, असं मी त्यांच्या मागे म्हणायचो. कधी कधी तोंडावरही म्हणायचो. ते हसायचे.

समितीच्या पहिल्या बैठकीआधी शेवड्यांनी स्टोअर्सला चिठ्ठी पाठवली: बॅटरी, सहा नग, ताबडतोब. अर्जुनराव आले आणि त्यांनी टेबलावर सहा बॅटऱ्या ओळीने मांडल्या. म्हणजे आपण घरात ज्याला बॅटरी म्हणतो त्या. अंधारात विहिरीकडे जाताना पेटवायच्या. वॉचमनांच्या हातातून काढून आणलेल्या, पितळी, खटका असलेल्या. वर त्यांनी एकेक पेटवून दाखवली आणि म्हणाले, "समद्या चालू हायेत साहेब, तपासून आणल्यात."

साहेब इतके हसले की त्यांना खोकला लागला. शेवडे हसले. मीही हसलो, आणि सगळ्यात जोरात हसलो. खरं तर माझ्या घरीही त्या वस्तूला बॅटरीच म्हणतात आणि आत घालतात त्याला सेल. पण साहेबांच्या हसण्यात आपलं हसणं मिसळायची संधी कामगाराला रोज येत नाही. हे आता सांगताना मला लाज वाटते, तेव्हा वाटली नव्हती.

दुसऱ्या बैठकीत शेवड्यांनी साधे मोठे ड्राय सेल आणवले. एक सेल दीड व्होल्टचा, पाच जोडले की साडेसात, हिशेब फळ्यावर मांडला. मोटार पाच मिनिटं उधळली, मग चालली, मग रांगली. तिसऱ्या बैठकीत मोटारसायकलची बॅटरी आली. ती मी उचलून मोटारीवर ठेवली आणि मोटार पोटावर बसली. मग साहेबांनी विचारलं की संपलेले ड्राय सेल पुन्हा वापरता येतील का. तेव्हा अर्जुनराव म्हणाले, "आमी घरी रेडूचे सेल उन्हात घालतो. दोन दिस वाजतोय पुन्यांदा." साहेबांनी कपाळाला हात लावला. पण शेवड्यांनी तेवढंच इंग्रजीत काहीतरी भारी नाव देऊन समितीच्या वहीत लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी कँटीनच्या गच्चीवर पापडासारखे चाळीस सेल वाळत पडले होते. राखायला वॉचमन. त्याच्या हातात बॅटरी नव्हती, कारण ती अजून समितीच्या टेबलावर होती.

मी हे सगळं दारात उभा राहून पाहत होतो. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की काय हवं आणि ते कुठे मिळतं. बोललो नाही. मला कुणी विचारलं नव्हतं. ज्यांना माझं तोंड दिसत नाही त्यांना मी आपणहून शहाणपण का वाटू? करा काय करायचं ते. खरं सांगायचं तर मला मजा येत होती. रोज घरी जाऊन मी त्यांच्या नकला करायचो आणि माझी बायको केसर पदर तोंडाला लावून हसायची.

चौथ्या बैठकीत साहेब चिडले. पाहुणे पंधरा दिवसांवर आले होते. त्यांनी वही आपटली आणि ओरडले, "या कारखान्यात बॅटरीतलं कळणारा एकही माणूस नाही का?"

अर्जुनराव म्हणाले, "साहेब, ओव्हाळला इचारा की. त्याचं कामच हाय ते."

साहेबांनी वहीतून वर न बघता विचारलं, "काय रे, तुला कळतं का यातलं?"

"निकेलचे सेल पाहिजेत साहेब," मी म्हणालो. "मिल्ट्रीच्या वायरलेसमधले. पुण्याला जुन्या बाजारात भंगारात येतात. परत चार्ज व्हत्यात."

शेवडे हसले. "निकेलचा सेल एक पॉइंट दोनचा असतो. हा ड्राय सेल एक पॉइंट पाच. जास्त सोडून कमी कशाला घ्यायचं?"

मी हीटरच्या तारेचा एक तुकडा आणला, नव्याकोऱ्या ड्राय सेलला शेवड्यांचा मीटर लावला. काटा दीडवर. मग तार जोडून सेलला काम दिलं. तार तापली आणि काटा बघता बघता एकच्या खाली घसरला.

"ह्यो रिकामा बसलाय तोवर दीड," मी म्हणालो. "निकेलचा दिसायला कमी, पण काम दिलं की जाग्यावर ऱ्हातो. पार संपंपर्यंत."

दिसायला दीड आणि कामाला लावलं की एकच्या खाली, असले सेल त्या खोलीत टेबलामागे आणखी दोन बसले होते. ते मी बोललो नाही. साहेब बराच वेळ काट्याकडे बघत राहिले, मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "हे जमवून दे ओव्हाळ. तुझ्या त्या चार्जमनचं मी बघतो."

मी बघतो! साहेब लोक कधीच देतो म्हणत नाहीत, बघतो म्हणतात. तरी त्या संध्याकाळी मी कासारवाडीपर्यंत सायकल नुसती उडवत आणली. आईला सांगितलं. ती म्हणाली, "बघतो म्हणला का?" आणि भाकरी थापायला वळली. पण त्या दिवशी तिने मला दोनदा आमटी वाढली.

रविवारी मी आणि अर्जुनराव पुण्याला जुन्या बाजारात गेलो. ते कंपनीतर्फे पावती घ्यायला, मी माल बघायला. भंगारवाल्याकडे वायरलेसचे फोडलेले डबे होते, त्यातून सव्वीस सेल निघाले. कळकट, कुणाला पांढरी बुरशी आलेली, कुणाचं लेबल गेलेलं. अर्जुनराव म्हणाले, "हे? ह्यापरीस आपलं गच्चीवरलं बरं दिसत्यात."

"दिसायचं काम तुमच्या मिशांना सांगा," मी म्हणालो. "सेलला चालायचं काम हाय."

पुढचे दहा दिवस मी एकेक सेल पूर्ण भरायचो आणि हीटरच्या तारेवर पूर्ण रिकामा करायचो. काटा एक व्होल्टवर येईपर्यंत किती मिनिटं लागली ते घड्याळावर बघायचं. फर्स्ट-एडच्या पेटीतली चिकटपट्टी कापून सेलला लावायची आणि त्यावर शाईने आकडा लिहायचा. सत्तावीस. तेहतीस. एक्केचाळीस. एक पठ्ठ्या अठ्ठावन्न मिनिटं चालला. तेरा वर्षांत मला कामाची अशी गोडी लागली नव्हती. कुणाला दाखवायला नाही, आपल्यालाच खरं काय ते कळावं म्हणून.

अर्जुनराव रोज चहाच्या सुट्टीत बॅटरीरूमला यायचे, उलट्या क्रेटवर बसायचे आणि प्रश्न विचारायचे. हे का, ते का, असं केलं तर काय व्हईल. त्यांनी तो अठ्ठावन्नवाला सेल हातात घेतला आणि म्हणाले, "ह्यो पैलवान वेगळा का काढलास? ह्यो पहिला घ्यायला पायजे."

"अहो, सहा जण एका माळंत असत्यात," मी म्हणालो. "जो आधी दमतो त्याच्यातून बाकीचे करंट उलटा लोटत्यात. तो मरतो. मग समदीच माळ गेली. जोरदार सेल नको, सारखं पायजेत."

त्यांनी सेल हातात फिरवून बघितला. मग त्यांचा चेहरा खुलला. "म्हंजे बैलाची जोडी रं! एक खिल्लार आन एक गोऱ्हा जुपून भागत न्हाई."

"व्हय," मी म्हणालो, "तुमच्या डोक्यात बैलच येणार."

त्यांनी अगदी बरोबर सांगितलं होतं. तेरा वर्षांत ही गोष्ट इतक्या कमी शब्दांत मलाही सांगता आली नव्हती. आणि मी त्यांना टोमणा मारला, कारण टोमणा माझ्या तोंडात तयारच असतो. ते हसले, चहाचा कप धुऊन ठेवला आणि गेले.

सव्वीसमधून सहा निवडले. चार एक्केचाळीसचे, दोन बेचाळीसचे. कथलाचे टाके मारून जोडले, काळ्या टेपने बांधले. शेवडे म्हणाले, वरून सोनेरी कागद लावू, चांगलं दिसेल. मी म्हटलं, सेल तापतात, कागद लावू नका. आश्चर्य म्हणजे त्यांनी ऐकलं.

पाहुणे आले तो शनिवार होता. असेंब्ली शॉप धुऊन काढलं होतं, जमिनीवर पांढरी रेघ मारली होती, एका टोकाला आम्ही आणि दुसऱ्या टोकाला पाहुणे. चार जपानी, त्यातला एक म्हातारा, बाकीचे त्याच्यामागे एक पाऊल ठेवून उभे. मोटारीच्या पाठीवर लाल मखमल, तिच्यावर गिअर. ओगलेसाहेबांनी डबा हातात धरला. कुठली दांडी कशाची ते पुन्हा पुन्हा चाचपून बघत होते हे मला लांबून दिसलं, आणि कबूल करतो, तेव्हा मला त्यांची कीव न येता बरं वाटलं.

मोटार निघाली. साहेबांनी तिला दोनदा रेघेबाहेर नेलं, तिने ऐकलं आणि परत आली. वेग कुठे कमी झाला नाही. साठ पावलं जाऊन ती म्हाताऱ्याच्या बुटाला टेकली आणि थांबली. टाळ्या पडल्या आणि आम्ही सगळे मोटारीमागून त्या टोकाला गेलो. मी हातातलं फडकं पिळत राहिलो.

तेवढ्यावर संपायचं, पण तो म्हातारा खाली उकिडवा बसला. आमच्याकडे मोठा साहेब उकिडवा बसत नाही. त्याने गिअर उचलून बाजूला ठेवला. लाखाव्या गिअरकडे बघितलंही नाही. मोटारीची खीळ काढली, वरचा लाल टप उचलला आणि आतला जुडगा बघितला. चिकटपट्ट्या बघितल्या. मग वर बघून सावकाश इंग्रजीत विचारलं, "तुमचा चार्ज मॅन कोण?"

हे मला समजलं. तिथल्या लेथवरच्या पोरांनाही समजलं. बॅटऱ्या कुणी चार्ज केल्या, एवढंच तो विचारत होता. पण ओगलेसाहेबांच्या डोक्यात माणसं नसतात, हुद्दे असतात. ते ताठ झाले, कोटाचं बटण लावलं आणि म्हणाले, "चार्जमन, सर? व्हेकंट."

म्हातारा जरा बुचकळ्यात पडला. मग त्याने मान हलवली आणि अदबीने म्हणाला, "मिस्टर व्हेकंटना माझा नमस्कार सांगा."

साहेबांनी हो म्हटलं! सांगतो म्हणाले! मी त्यांच्यापासून चार हातांवर उभा होतो, हाताला त्याच चिकटपट्टीची शाई लागलेली.

म्हाताऱ्याने बोट ठेवून पुढचं विचारलं: हे आकडे कसले? शेवडे पुढे झाले. "सिरीयल नंबर, सर."

म्हाताऱ्याला मराठी आकडे येत नसतील, पण डोळे होते. त्याने चार सेलवर एकेक बोट टेकवलं. चारही जणांचा नंबर एकच कसा?

अर्जुनराव माझ्या शेजारी होते, त्यांनी मला कोपर मारलं. "बोल की रं."

मी बोललो नाही. मला त्या क्षणी इतका आनंद होत होता की सोडवत नव्हता. शेवड्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, साहेब छताकडे बघत होते. मी मनात म्हणत होतो, आता या. आता मागे वळा, माझं नाव घ्या, मला पुढे बोलवा. चार वर्षं मी तुमच्या दारात उभा आहे, आता चार पावलं तुम्ही या. गरज तुमची आहे.

अर्जुनरावांनी दुसऱ्यांदा कोपर मारलं, चांगलं जोरात. मी फडकं झटकलं.

तेव्हा ते स्वतःच बोलले. "मिनटं हायेत ती, साहेब." सगळे वळले. अर्जुनराव एक पाऊल पुढे गेले आणि हातवारे करून सांगायला लागले, "कोन किती येळ वझं वढतो त्याची मिनटं. जोडी सारखी पायजे. सहा बैल, समदं एका ताकदीचं." शेवड्यांनी त्याचं इंग्रजी केलं, जीव वाचल्यासारखं भराभर केलं. म्हातारा आधी ऐकत राहिला, मग मोठ्याने हसला, उठला आणि त्याने अर्जुनरावांचा हात दोन्ही हातांत धरला. फोटोग्राफर धावला.

अर्जुनराव हात सोडवून माझ्याकडे दाखवत होते. "म्या न्हाई साहेब, हे ह्यानं केलंय, ओव्हाळनं." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. साहेबांनी ऐकलं, शेवड्यांनी ऐकलं. दहा-बारा माना माझ्याकडे वळल्या. एक पाऊल टाकायचं होतं, बस. मी तोंड दुसरीकडे फिरवलं. असं हेल्परच्या शिफारशीवर पुढे जायचं? ज्याला मी बॅटरी आणि सेल यातला फरक शिकवला त्याच्या? मी एका रिकाम्या ट्रॉलीचं हँडल पुसायला लागलो. पुन्हा बघितलं तेव्हा सगळे चहाकडे निघाले होते.

घरी गेल्यावर मी सगळं सांगितलं, अगदी रंगवून. व्हेकंट म्हणताना साहेबांनी बटण कसं लावलं, म्हाताऱ्याने नमस्कार कसा सांगितला, शेवड्यांचे कान. शेजारची दोन घरं जमा झाली. केसरला हसून हसून ठसका लागला. आई भिंतीला टेकून बसली होती. सगळ्यांचं हसणं संपल्यावर तिने विचारलं, "आन तू काय म्हनलास?"

"मी कशाला बोलू? त्यांनी बोलवायला पायजे होतं."

"असं व्हय," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

गुरुवारी नोटीस लागली. बॅटरीरूमच्या चार्जमनपदी श्री. अर्जुनराव काळभोर यांची नेमणूक करण्यात येत आहे. का, ते मला ऑफिसच्या शिपायाने सांगितलं. कंपनीच्या मासिकात तो फोटो पहिल्या पानावर छापायचा होता. जपानचा मोठा साहेब ज्याचा हात हातात घेतो त्याच्या नावाखाली स्टोअर हेल्पर कसं छापायचं? फोटोला शोभेल असा हुद्दा पाहिजे होता, आणि एक हुद्दा मोकळा होताच. नेमणूक करायची ही रीत! कुत्र्याचं नाव ठेवतानाही माणूस याहून जास्त विचार करतो. दोन दिवस मी ज्याला त्याला हेच ऐकवत फिरलो. ऐकणारे मान हलवायचे आणि आपल्या मशीनकडे जायचे.

रविवारी सकाळी अर्जुनराव कासारवाडीला आमच्या घरी आले. पांढरा सदरा, हातात पेढ्यांचा पुडा. मी बसा म्हटलं नाही. आईनेच सतरंजी टाकली. ते पुडा मांडीवर धरून बसले आणि खाली बघत म्हणाले, "भीमराज, म्या मागितलं न्हाई रं. म्या साहेबास्नी दोनदा जाऊन सांगितलं, ही जागा ओव्हाळची हाय. त्येनं केलंय समदं. मला तर त्यातलं त्येनंच शिकवलंय."

"मग काय म्हणले साहेब?"

त्यांना सांगायचं नव्हतं. मिशीवरून हात फिरवला, आईकडे बघितलं. "म्हणले, ओव्हाळ कामाला चांगला हाय. पर चार्जमनला चारचौघात बोलाया लागतं, आन त्यो बोलत न्हाई."

माझ्याकडे उत्तरं होती. एक नाही, दहा होती. साहेबांवर, शेवड्यांवर, मासिकावर, अर्जुनरावांच्या गेलेल्या वावरावरसुद्धा. पण तो माणूस माझ्यासमोर ओशाळा होऊन बसला होता. दोन कोपरं त्याने मला मारली होती आणि एक बोट माझ्याकडे दाखवलं होतं. त्याला काय बोलू? ज्यांना सुनवायचं ते समोर नव्हते. मी सतरंजीचा एक दोरा उपसत बसलो.

आईने त्यांच्या हातातून पुडा घेतला. त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "चांगलं झालं बाबा. तू पुढं झालास, तुला मिळालं. इमानानं कर." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. मग तिने एक पेढा काढला आणि माझ्यासमोर धरला. मी घेतला नाही, तशी तिने तो हात आणखी पुढे केला.

"घे, खा," ती म्हणाली. "तेवढ्यापुरतं तरी तोंड उघडशील."